सोळा फुटी होडी आणि दोन गाड्यांचे गॅरेज: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे कुटुंब अमेरिकेत मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या वायव्येकडच्या एका उपनगरात राहते. नावे देत नाही. एरवीही मी त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणतो, इथेही तेच. भाऊ मूळचे हर्णैजवळचे. घरात मासेमारी नव्हती, पण लहानपण बंदरावर गेलेले. मिशिगनमध्ये ११,००० हून अधिक तळी आहेत, आणि अशा ठिकाणी सतरा वर्षे राहूनही आपली होडी नाही, ही खंत त्यांनी सतरा वर्षे प्रत्येक गणपतीत आम्हाला ऐकवली.

शेवटी एका सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी एका निवृत्त गृहस्थांकडून जुनी ॲल्युमिनियमची होडी घेतली. होडी १६ फूट ५ इंच, मागे ४० हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर, खाली गॅल्वनाइज्ड ट्रेलर. सगळे मिळून वजन साधारण ६५० किलो. किंमत उन्हाळ्यात ऐकलेल्या किमतींपेक्षा बरीच कमी होती. इथे सप्टेंबरात होड्या स्वस्त होतात त्याचे कारण साधे आहे: आणखी एक हिवाळा ती कुठे ठेवायची, हा प्रश्न विकणाऱ्याला नको असतो. भाऊंनी घासाघीस करून किंमत उतरवली आणि तो प्रश्न घरी आणला.

माझ्याकडे नऊ वर्षे होडी आहे, म्हणून टेप घेऊन यायचे बोलावणे मला आले. होडी घेतल्यानंतर आले.

अडचण

होडी आली ती ड्राइव्हवेवर उभी राहिली. तिसऱ्या आठवड्यात वसाहतीच्या संघटनेचे पत्र आले. एचओए म्हणजे आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखीच, फक्त हिच्या नियमांवर घर घेताना सही झालेली असते. नियम असा की होडी, ट्रेलर किंवा कॅम्पर रस्त्यावरून दिसेल असा ४८ तासांपेक्षा जास्त उभा करायचा नाही. दंड कितीही किरकोळ असला तरी तो रोज चढतो, आणि पुढचे शेजारी संध्याकाळी फिरायला निघाले की होडीपाशी थांबून घड्याळ बघायचे.

दुसरी अडचण हवेची. या भागात ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून पारा शून्याखाली जायला लागतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि मोटरच्या खालच्या गिअरच्या डब्यात किंवा पाण्याच्या वाटांमध्ये ते अडकलेले असले तर धातू फुटतो. म्हणजे होडी नुसती नजरेआड करून भागणार नव्हते, ती नीट झोपवायला हवी होती.

तिसरी अडचण घरातली. वहिनी हॉस्पिटलमध्ये काम करतात, पहाटे साडेपाचला निघतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, ‘होडी कुठेही ठेवा, माझी गाडी आतच राहणार. पहाटे काच खरवडायला मी जाणार नाही.’ पुढच्या सगळ्या चर्चेत ही एकच अट कधी हलली नाही, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी तीच ठरली. गॅरेज दोन गाड्यांचे, त्यातला अर्धा भाग आधीच गेला. उरलेल्या अर्ध्यात काय बसते, एवढेच बघायचे राहिले.

मोजमाप

भाऊंनी होडी घेताना कागदावर १६ फूट ५ इंच वाचले होते आणि घराच्या नकाशात गॅरेज २२ बाय २२ फूट. एवढ्यावर व्यवहार झाला. मी गेलो तेव्हा आम्ही पुन्हा मोजले.

गॅरेजची आतली खोली, भिंतीपासून दारापर्यंत, २१ फूट ३ इंच निघाली. नकाशातले २२ फूट भिंतींसकट असतात. आतल्या भिंतीला १ फूट ४ इंच खोलीचे कपाट होते, त्यात दिवाळीचे सामान, कुकर, जुने इडलीपात्र, बागेची हत्यारे. कपाट तसेच ठेवले तर उरतात १९ फूट ११ इंच. त्यातही दाराच्या आतल्या अंगाला आडवी पोलादी पट्टी असते, ती तीन इंच खाते.

आता होडी. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकापासून मोटर खाली सोडलेल्या अवस्थेत तिच्या शेवटापर्यंत २० फूट ११ इंच. मोटर वर उचलली की पंख्याकडचा भाग मागे जातो, आणि तीच लांबी २२ फूट १ इंच होते. होडीच्या स्वतःच्या लांबीपेक्षा साडेपाच फुटांहून जास्त! गाडी घेताना हा घोळ होत नाही, कारण गाडीची लांबी तीच असते. ट्रेलरवरच्या होडीच्या चार लांब्या असतात आणि जाहिरातीत त्यातली सगळ्यात लहान छापतात.

रुंदीची आणि उंचीची चिंता नव्हती. चाकावरच्या पत्र्यांसकट रुंदी ७ फूट १ इंच, दार १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच. मात्र ते १६ फुटांचे एकच दार होते, दोन वेगळी नव्हती. हे आम्ही लिहून घेतले आणि त्याचा अर्थ मात्र जानेवारीत कळला.

समोरचे पर्याय

भाड्याची जागा. उघड्या आवारात महिना ६५ डॉलर, छपराखाली ११०, किमान सहा महिन्यांचा करार. उघड्यावर ठेवायची तर वर प्लॅस्टिकचे आवरण तापवून आवळून घ्यावे लागते, ते दर वर्षी नवे, त्याचे पैसे फुटाच्या हिशेबाने. एकूण हिशेब पाहिला तर हा पर्याय वाईट नव्हता. भाऊंचे मन घेईना. ‘होडी घेतली आणि ती बघायला पंचवीस मैल जायचे?’ याला उत्तर नाही. माणूस होडी नुसती वापरायला घेत नाही, हिवाळ्यात तिच्याभोवती घुटमळायलाही घेतो.

मागच्या अंगणात ठेवणे. घराच्या बाजूने ७ फूट १ इंच रुंदीचा ट्रेलर जाण्याइतकी वाट होती, पण मध्ये उतार आणि शेजाऱ्यांची सामाईक चारी. ऑक्टोबरात आत गेली असती आणि एप्रिलच्या चिखलात अडकली असती. शिवाय नियमाप्रमाणे कुंपण हवे होते. सोडला.

गॅरेजमध्ये तिरकी ठेवणे. ही कल्पना बऱ्याच जणांना सुचते आणि गणितात ती बसते. चौरस खोलीत एखादी वस्तू बरोबर कोनातून ठेवली तर तिची लांबी आणि रुंदी यांची बेरीज कर्णाइतकी असू शकते. २१ फूट ३ इंचांच्या चौरसाचा कर्ण ३० फूट. त्यातून ७ फूट १ इंच वजा केले की २२ फूट ११ इंच उरतात, म्हणजे मोटर वर उचललेली होडीसुद्धा बसते. भाऊ कागद घेऊन वहिनींना दाखवायला गेले. वहिनींनी कागद बघितला आणि विचारले, ‘आणि माझी गाडी कुठे काढलीत यात?’

दांडा दुमडणे. ट्रेलरच्या दांड्याला मध्ये बिजागरी बसवता येते. होडी आत ठेवली की खीळ काढायची आणि पुढचा तुकडा बाजूला फिरवायचा. यासाठी दांडा सरळ एकाच चौकोनी नळीचा हवा, इंग्रजी ए अक्षरासारखा दोन नळ्यांचा असला तर जमत नाही. शिवाय नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, अडकवायची कप्पी ज्या खांबावर असते त्याच्या पुढे पुरेशी मोकळी नळी हवी. भाऊंच्या ट्रेलरला तीन फुटांच्या वर मोकळी होती. हिशेब केला: १ फूट १० इंच वाचतील.

आणखी तीन इंच आप्पांनी दिले. आप्पा म्हणजे भाऊंचे वडील, तेव्हा इथे आले होते. आम्ही पुढच्या टोकाला टेप धरून बसलेलो, आणि ते मागे जाऊन होडीच्या खाली वाकून बघत होते. म्हणाले, ‘हिचा मागचा भाग हवेत आहे रे.’ खरेच होते. होडी ज्या गालिचा गुंडाळलेल्या फळ्यांवर बसते, त्या फळ्या पिछाडीच्या तीन इंच अलीकडे संपत होत्या. मोटरचे शंभर किलो नेमके त्याच टोकाला लटकलेले. असे वर्षानुवर्षे राहिले तर तळाला बाक येतो. कोकणात पावसाआधी होड्या वर ओढून शाकारतात तेव्हा टेकू कुठे लावायचा यावर भांडणे होतात, ती बघितलेल्या माणसाला हे दिसले. मला नऊ वर्षांची होडी असून दिसले नाही. कप्पीचा खांब तीन इंच पुढे सरकवला की होडीही तेवढी पुढे येते, पिछाडीला आधार मिळतो आणि एकूण लांबी तीन इंचांनी घटते.

म्हणजे दांडा दुमडून, मोटर खाली सोडून, १८ फूट १० इंच. मोटर वर असेल तर बरोबर २० फूट. कपाट ठेवून जागा १९ फूट ११ इंच.

हे दोन आकडे आम्ही एकाच कागदावर, एकाखाली एक लिहिले होते. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

पहिला निर्णय आणि अंमलबजावणी

बिजागरी वेल्डिंगची घ्यायची की बोल्टची, यात वेळ गेला. वेल्डिंग जास्त पक्के असे भाऊंना वाटत होते. पण ट्रेलर गॅल्वनाइज्ड. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा थर जळतो, त्याचा धूर विषारी, आणि नेमक्या त्या जागी पुढे गंज धरतो. रंग दिलेला साधा ट्रेलर असता तर गोष्ट वेगळी. आम्ही बोल्टची घेतली आणि दांडा कापायचे काम ट्रेलर दुरुस्त करणाऱ्याकडे दिले, कारण कापलेला दांडा परत जोडता येत नाही. पुढचा जॅक बिजागरीच्या मागे घेतला, नाहीतर दांडा दुमडला की ट्रेलर तोंडावर पडणार. दिव्यांची वायर वळण घेईल इतकी लांब केली. सगळे मिळून ४१० डॉलर.

मग मोटर. गिअरचे तेल बदलले. जुने तेल दुधी निघाले तर समजायचे की सीलमधून पाणी शिरले आहे. आमचे काळे पण स्वच्छ निघाले. टाकीत पेट्रोल टिकवणारे स्टॅबिलायझर घालून मोटर नळाच्या पाण्यावर दहा मिनिटे चालवली, म्हणजे ते आतपर्यंत पोचते. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढते, आणि ओल फार झाली की पाणी-इथेनॉल खाली बसते आणि पेट्रोल वर तरंगते. बॅटरी काढून घरात चार्जरवर लावली. भरलेली बॅटरी इथल्या कोणत्याही थंडीला पुरते, रिकामी मात्र थोड्या थंडीतही गोठून फुटू शकते. (बॅटरी काँक्रीटवर ठेवली की उतरते, असे आम्हाला तिघांनी येऊन सांगितले. जुन्या पेट्यांच्या काळी असेल, आताच्या प्लॅस्टिकच्या पेटीला काँक्रीटचे काही देणेघेणे नाही.) तळाचे बूच काढले आणि किल्लीला बांधून ठेवले.

आता कोणते टोक आधी आत घालायचे, हा प्रश्न. मी इथे थांबतो, कारण या प्रकरणातला खरा चुकलेला निर्णय हाच.

गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यात गॅसवर चालणारा पाणी तापवायचा बंब आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, म्हणून अशा बंबाची ज्योत इथे जमिनीपासून किमान १८ इंच वर ठेवावी लागते. यांचा चौथऱ्यावरच आहे. तरी भाऊंना धास्ती. मोटर आणि टाकी बंबापासून जितकी दूर तितकी बरी, म्हणून नाळ आत आणि मोटर दाराकडे, असे ठरले. मीही मान हलवली.

यात दोन गोष्टी सुटल्या. एक, नाळ पुढे घालून आत न्यायची तर गाडीचा उपयोग नाही, कारण गाडी जोडायचा दांडाच आधी आत जातो. सगळे हाताने. ड्राइव्हवेला १६ फुटांत एक फूट चढ. ६५० किलोला नुसते धरून ठेवायलाच चाळीस किलोचा जोर लागतो, आणि वर गॅरेजच्या लादीचा इंचभर उंबरठा. आम्ही सहा जण होतो, शनिवार होता, वहिनींनी मिसळ केली होती. दोघे मागून चाकांना लाकडी पाचर सरकवत आले. तिसऱ्या प्रयत्नाला चाक उंबरठा चढले आणि टाळ्या वाजल्या.

आप्पा टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी विचारले, ‘आत गेली खरी. एप्रिलात बाहेर कोण काढणार? आणि दर शनिवारी परत आत?’ आम्ही हसलो.

दुसरी गोष्ट दाराची.

जानेवारीतली पहाट

नोव्हेंबर-डिसेंबर नीट गेले. दांडा दुमडलेला, मोटर खाली, दारापासून मोटरपर्यंत फूटभर मोकळी जागा. मोटर खाली सोडलेलीच ठेवायची असते, आतले पाणी निथळते म्हणून. त्यामुळे लांबी आणि मोटरची तब्येत दोन्ही एकाच स्थितीत साधत होत्या. सगळ्यांनाच ते पटले होते.

जानेवारीतल्या एका रविवारी बाहेर थोडे ऊन पडले. भाऊ गॅरेजमध्ये गेले आणि पंखा काढून त्याच्या दांड्यावर मासेमारीची दोर अडकली आहे का ते बघायला मोटर वर उचलली. दोर सापडली, कात्रीने कापून काढली. ती सीलमध्ये शिरली असती तर पुढे तेलात पाणी आले असते, म्हणजे काम योग्यच होते. मग पुण्याहून फोन आला. फोन संपेपर्यंत जेवायची वेळ झाली.

सोमवारी पहाटे साडेपाचला वहिनींनी गाडी बाहेर काढली आणि रिमोट दाबला.

१६ फुटांचे दार एकच. होडीच्या बाजूला वेगळे दार असते तर ते नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत उघडलेच नसते. इथे मात्र वहिनींची गाडी दिवसातून दोनदा आत-बाहेर व्हायची आणि प्रत्येक वेळी तेच दार होडीवरूनही खाली यायचे. दाराला डोळे असतात, म्हणजे वाटेत काही आले तर दार परत वर नेणारा किरण. अमेरिकेत १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक स्वयंचलित दाराला असे संरक्षण बंधनकारक आहे. पण हे डोळे जमिनीपासून फार तर सहा इंचांवर बसवतात, कारण ते पोरांसाठी असतात. वर उचललेली मोटर तीन-साडेतीन फुटांवर बाहेर आलेली होती. किरण तिच्या खालून सरळ गेला, आणि दाराच्या दृष्टीने वाट मोकळी होती.

दार मोटरच्या खालच्या पात्यावर आले, अडले आणि उलटे वर गेले. वहिनींनी आरशात पाहिले, परत आल्या, पुन्हा रिमोट दाबला. पुन्हा तेच. तोपर्यंत दाराचा खालचा पत्रा वाकला होता आणि एका बाजूचे चाक रुळातून सुटले होते. बाहेर उणे चौदा. वहिनींनी भाऊंना उठवले ते कसे, हे मी लिहीत नाही. ड्युटीवर पोचायला पंचवीस मिनिटे उशीर झाला.

होडीचे नुकसान काय, तर पात्यावरचा रंग खरचटला. दाराचा मात्र १६ फुटी खालचा पत्रा बदलावा लागला, रूळ सरळ करून घ्यावा लागला, आणि त्याचे बिल बिजागरीच्या कामापेक्षा जास्त आले. विमा मिळेल असे भाऊंना वाटले होते. दाराचे नुकसान पॉलिसीत आपण भरायच्या पहिल्या रकमेपेक्षा कमी भरले. आणि पॉलिसी उघडलीच आहे म्हणून पुढे वाचले, तर घराच्या विम्यात होडी, मोटर आणि ट्रेलर मिळून फक्त १,५०० डॉलरपर्यंतच संरक्षण होते. होडीचा वेगळा विमा त्या आठवड्यात काढला. दार वाकले नसते तर ते पान कोणी उघडले नसते.

मोटर वर तर २० फूट, जागा १९ फूट ११ इंच आणि त्यातून दाराची पट्टी वजा. कागदावर लिहिलेले होते. आम्ही होडी तिच्या सगळ्यात आखूड अवस्थेत मोजून ‘बसते’ म्हणालो होतो. बसत नव्हती, रोज कोणीतरी मोटर खाली ठेवली तर बसत होती.

उन्हाळा

एप्रिलात होडी बाहेर काढायला चौघेच जमले. उतार असल्यामुळे माणसे कमी चालतील असा हिशेब होता. उतारावर ढकलायचे नसते, धरून ठेवायचे असते, आणि ते जास्त अवघड. एका क्षणी ट्रेलरने भाऊंना फूटभर मागे नेले. कोणाला लागले नाही.

मग आप्पांचा प्रश्न आठवड्याच्या आठवड्याला समोर यायला लागला. शनिवारी तळ्यावर जायचे, रविवारी परत, मंगळवारपर्यंत होडी दिसेनाशी व्हायला हवी. जून महिन्यात ते दोनदा गेले. जुलैत एकदा. होडी आहे, तळी आहेत, आणि माणसे जमवायची म्हणून जाणे नाही.

ओल हाही विषय निघाला. १९८८ साली लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले सापडले. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेली ही परकी जात तिथून तळ्यातळ्यांत पसरली, आणि पसरायला ट्रेलरवरच्या होड्यांनी मोठी मदत केली. आता मिशिगनच्या कायद्याने, २१ मार्च २०१९ पासून, तळ्यावरून निघण्याआधी बुचे काढून सगळे पाणी काढून टाकावे लागते, आणि दुसऱ्या तळ्यात उतरवण्याआधी होडी पाचेक दिवस वाळू द्यावी असे सांगतात. बंद गॅरेजमध्ये ओली होडी आच्छादनासकट ठेवली की ती वाळत नाही, शिजते. वहिनींच्या गाडीला आठवडाभर शेवाळाचा वास येत होता. आच्छादन काढून एक पंखा लावला, तेव्हा गेला.

दुसऱ्या हिवाळ्यातला बदल

ऑक्टोबरात आम्ही पुन्हा बसलो, या वेळी वहिनीही. बोलणे वीस मिनिटांत संपले.

कपाट काढले. इडलीपात्र तळघरात गेले. त्या एका निर्णयाने १ फूट ४ इंच मिळाले, म्हणजे बिजागरीने ४१० डॉलरमध्ये जे दिले त्याच्या जवळपास, फुकटात. पहिल्या वर्षी कपाट हा विषयच निघाला नव्हता, कारण ते भिंतीचा भाग आहे असे सगळे धरून चालले होते.

टाकी काढली. ती सहा गॅलनची, हाताने उचलायची होती, होडीत बांधलेली नव्हती. पेट्रोल ताजेच होते, ते भाऊंनी गाडीत ओतले आणि रिकामी टाकी अंगणातल्या शेडमध्ये ठेवली. बंबाची धास्ती होती ती मुख्यतः टाकीची. ती गेल्यावर मोटर आत आणि नाळ दाराकडे करायला हरकत उरली नाही. ज्या भीतीपायी होडी उलटी घातली, ती दोन मिनिटांत उचलून बाहेर ठेवता येत होती.

मग भाऊंनी गाडीने ट्रेलर सरळ मागे घेत आत घातला. मोटर खाली ठेवून एकूण लांबी २० फूट ८ इंच, गॅरेज २१ फूट ३ इंच, म्हणजे ट्रेलर गाडीपासून सुटला तेव्हाच दांड्याचे टोक दाराच्या आत होते. उतरून चाकाला पाचर, जॅक खाली, गाडी पुढे, दांडा दुमडला. एकट्याने, सात मिनिटांत. छतावरून दोरीला टेनिसचा चेंडू टांगला आहे. तो मोटरच्या झाकणाला लागला की थांबायचे.

यात एक नवीन गोम निघाली. गॅरेजची जमीन दाराकडे उतरती असते, पाणी वाहून जावे म्हणून. इथे वीस फुटांत अडीच इंच. आता नाळ खालच्या बाजूला आली, आणि तळातले पाणी बुचाकडे न जाता नाळेत साठू लागले. जॅक सहा इंच वर घेतला की पाणी मागे येते, पण तराजूसारखी पिछाडी खाली जाते आणि मोटरचे पाते जमिनीकडे उतरते. पात्याखालच्या पाच इंचांपैकी अडीच उरतात. ते पुरतात, पण जॅक किती वर हे जॅकवर रंगाची रेघ मारून ठेवले आहे.

वहिनींच्या गाडीखालून हिवाळाभर मीठ घातलेले बर्फाचे पाणी वाहते, ते ट्रेलरच्या टायरखाली साचते. टायर फळ्यांवर घेतले. उंदीर पहिल्या वर्षीच येऊन गेले होते, लाइफ जॅकेटची किनार खाल्ली. आता जॅकेटे घरात असतात.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, टेप होडी घेण्याआधी न्यायला हवी होती. त्याच किमतीत दांडा आधीच दुमडणारा ट्रेलर मिळाला असता असे मी म्हणत नाही, पण विचारता आले असते.

दुसरी, पहिल्या वर्षी भाड्याची जागा घ्यायला हवी होती, असे माझे मत. छपराखाली सहा महिने ६६० डॉलर. बिजागरी आणि दार मिळून त्याच्या पुढे गेले. एक उन्हाळा वापरून झाल्यावर कळले असते की होडी आठवड्याला बाहेर निघणार की महिन्याला, आणि मग गॅरेज त्याप्रमाणे लावता आले असते. भाऊंना हे मान्य नाही. त्यांचे म्हणणे, होडी पंचवीस मैलांवर असती तर मासेमारीची दोर वेळेत सापडली नसती. हे खरे आहे. दार वाकले नसते हेही खरे आहे.

तिसरी, आम्ही सहा जण टाळ्या वाजवत होतो तेव्हा आप्पांना उत्तर द्यायला हवे होते.

सध्याची स्थिती

मागच्या उन्हाळ्यात होडी चौदा वेळा पाण्यावर गेली. एकदा बूच न लावता उतरवली, पण ती चूक गॅरेजची नाही. किल्लीला बांधलेले बूच हातात घेऊनच भाऊ माझ्याशी गप्पा मारत होते. एचओएचे नंतर पत्र आलेले नाही. दाराच्या आतल्या बाजूला, मोटर येते त्या उंचीवर, भाऊंनी दुसरी डोळ्यांची जोडी बसवून घेतली, आता मोटर त्या बाजूला नसूनही. वहिनींनीच ती हवी म्हणून सांगितले.

पुढच्या मार्चमध्ये त्यांची मुलगी सोळा वर्षांची होते आणि तिला गाडी चालवायचा परवाना मिळेल. तिसऱ्या गाडीची बोलणी सुरू आहेत. भाऊंनी छपराखालच्या जागेचा दर पुन्हा विचारला आहे. आता तो १२५ झाला आहे.